नवा दात आणि नादकाटा

ता. ४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

दात बसला एकदाचा. पुढचा मोडका दात घासून त्यावर कॅप चढवली. आरशात झक्क दिसते, पण तोंडात अगदी नको झालंय. जीभ सारखी तिथेच जाते. पाहुणा आलाय आणि जायचं नावच काढत नाही, तसं झालंय. चमचा लागला तरी अंगावर काटा येतो.

तेही सोसलं असतं, पण माझं काम तर तू जाणतेस. पियानो सुरात लावताना मी नादकाटा गुडघ्यावर आपटते आणि त्याची दांडी दातांत धरते. सूर हाडांतून थेट डोक्यात जातो आणि दोन्ही हात पियानोला मोकळे राहतात. आता दांडी दातांत धरली की कवटीत मधमाश्या उठल्यासारखं होतं, आणि मी काटा टाकून देते. महिनाअखेरीला सभागृहाचा मोठा पियानो लावायचाय. व्यवस्थापक गोड आवाजात म्हणाले की जमत नसेल तर सूर मोजायचं यंत्र घेऊन येणारा एकजण तयार आहे. ते काम गेलं तर परत यायचं नाही, मावशी.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, नीट बसलाय ना? मी ठीक आहे म्हणून आले. इकडे हेही म्हणतात, होईल सवय, तुला कशाचाही त्रास होतो. खरंच असेल.

तुझी,
खारूताई

ता. ९ मार्च

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग चिडले. हसले ते पाहुण्याला. माझी कवळी आली तेव्हा मीही तिला पेल्यात ठेवून दोन दिवस अबोला धरला होता. आता आमचं बरं चाललंय, भांडणं फक्त शेंगदाण्यांवरून होतात.

चिडले ते तुझ्या 'ठीक आहे'वर. लहानपणी फ्रॉकची कॉलर टोचते म्हणून तू घर डोक्यावर घेतलंस. तुझी आई म्हणाली नखरे, तुझे बाबा म्हणाले सवय होईल. मी कॉलर उलटून पाहिली तर आत शिंप्याची टाचणी! तुला जास्त लागतं हे खरं, पण लागतं ते असतंच. टाचणी काढल्याशिवाय कसली डोंबलाची सवय?

तेव्हा मुकाट्याने परत जा आणि मला लिहिलंस ते जसंच्या तसं त्यांना सांग. शिवाय दिव्याचा त्रास होतो, पेस्टचा वास नको, मध्ये थांबा, हेही सगळं सांग. लाजलीस तर मी येईन, आणि मला ऐकू येत नसल्याने मी किती मोठ्याने बोलते हे तुला ठाऊक आहे. फोन मात्र करू नकोस. कानांनी आता पुरता राजीनामा दिलाय, पत्रच बरं.

तुझी,
मावशी

ता. ३० मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

टाचणी निघाली!

डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, छान बसलाय की. 'ठीक आहे' अगदी ओठांवर आलं होतं. पण तू दारात उभी आहेस असं वाटलं आणि मी सांगून टाकलं की तोंड मिटलं की खालचे दात आधी तिथेच आपटतात. त्यांनी निळा कागद चावायला दिला. नव्या दातावर एकच निळा ठिपका उमटला! केसाएवढी उंची जास्त होती. इतकं कोणाला कळत नाही म्हणाल्या, आणि हे कौतुकाने म्हणाल्या. मी काळा चष्मा लावला, त्यांनी बिनवासाची पेस्ट घेतली, आणि मी हात वर केला की दर वेळी थांबल्या. घासणं झालं नि तोंड मिटलं, तर सगळे दात एकदम भेटले. खुर्चीतच रडले.

सगळं एका फटक्यात सुधारलं नाही. थंड पाणी अजून झोंबतं. काट्याशी ओळख मात्र हळूहळू करून दिली. आधी दांडीला रुमाल गुंडाळून, अगदी हलका ठोका. मग नुसती दांडी. मधमाश्या एकेक करून गेल्या आणि सूर राहिला.

आणि काल सभागृह! व्यवस्थापकांनी यंत्रवाल्याला आधीच बोलावून पियानो लावून घेतला होता. मी काटा दातांत धरला, पट्ट्या वाजवल्या आणि सांगितलं की वरच्या भागातली एक तार सुरावरून सरकली आहे. त्याने यंत्र लावून पाहिलं आणि मान डोलावली. बिचारा भला माणूस, त्यानेच तारा पिळायची चावी माझ्या हातात दिली. संध्याकाळी वादकाने पियानो कोणी लावला म्हणून विचारलं तेव्हा व्यवस्थापकांनी मला पुढे ढकललं. पुढच्या वर्षभराचं काम माझं.

सोबत माझा जुना नादकाटा पाठवते. गुडघ्यावर आपट आणि दांडी दातांत घट्ट धर. कवळी काढू नकोस!

तुझी,
खारूताई

ता. ५ एप्रिल

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

तुझ्या विजयाचं पत्र शेजारणीला वाचून दाखवलं. अर्ध्या गल्लीने ऐकलं म्हणे.

काटा पाहून आधी वाटलं, पोरीला यशाने वेड लागलं, बहिऱ्या म्हातारीला सूर पाठवते. तरी आपटला. गुडघा दुखला. दांडी कवळीत धरली.

खारूताई, मला ऐकू आलं. बारीक, गोल, स्वच्छ. माझ्याच डोक्यात. सूर विरला की पुन्हा आपटत होते, गुडघा काळानिळा झालाय. तू इतकी वर्षं काय काम करतेस ते मी सगळ्यांना सांगत होते. आज ऐकलं.

गुडघा बरा झाला की तुझ्याकडे येते. पियानो लावायला बसशील तेव्हा मला शेजारी बसव आणि आणखी एक काटा तयार ठेव.

तुझी,
मावशी