पानबाईला काही मिळू नये म्हणून

मी, कौतिकबाई पुंडलिक देवरे, वय चौसष्ट, धंदा घरकाम, मूळची शिंदखेड्याची, हल्ली राहणार जळगाव, माझ्या ओसरीत बसून स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. चष्म्याशिवाय सुईत दोरा जात नाही, पण त्याचा बुद्धीशी संबंध नाही. मला कोणी दडपलेले नाही की भुलवलेले नाही. छातीचा फार भरवसा धरू नका, असे डॉक्टरांनी सांगितले, म्हणून दिवाळीच्या आत हे काम उरकून टाकते.

शेजारीण पानबाई, मदनलालजींची पत्नी, समोर विणकाम घेऊन बसली आहे. तिला मी मुद्दाम साक्षीदार केले आहे. वकीलसाहेब म्हणाले, साक्षीदाराला मिळकतीतले काही देऊ नये, पुढे तंटे होतात. ही गोष्ट मला फार आवडली. पानबाईला सहीपुरते येते, वाचता येत नाही. म्हणून लिहीन तसे तिला मोठ्याने वाचून दाखवते आहे. दरवर्षी दसरा झाला, लोकर बाहेर निघाली, की दुपारी मी तिला वाचनालयातली कादंबरी अशीच वाचून दाखवते. मी वाचते, ती विणते. त्यामुळे माझा स्वेटर मागे राहतो आणि तिचा पुढे जातो, आणि लोक म्हणतात, पानबाईचा हात भारी चालतो. तिच्या हातात पहिल्यांदा सुया दिल्या त्या मी.

कलम १. माझे राहते घर परसासह माझी एकुलती एक मुलगी प्रमिला, राहणार धुळे, हिला मिळावे. जावयांनी ते विकण्याचा सल्ला देऊ नये. माणूस चांगला आहे, पण सल्ले फार देतो. परसातल्या भिंतीत पानबाईकडे जाण्याचे दार आहे, त्याला कडी माझ्या बाजूने आहे. माझ्यामागे ती कडी लावून घ्यावी.

कलम २. माझी पुस्तके वाचनालयाला द्यावीत. तिथले नासीरभाई नवे पुस्तक आले की माझ्यासाठी बाजूला ठेवत आले आहेत, त्यांनी ती नीट लावून ठेवावीत. पानबाईला पुस्तके देण्यात अर्थ नाही. हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "खरंच आहे अक्का. तुम्ही नसल्यावर मला कोण वाचून दाखवणार?" मला वाटले होते तिला लागेल. तिला लागले ते भलतेच, आणि उगाच मलाही लागले.

कलम ३. यजमानांचा राखी स्वेटर. यजमान रेल्वेत गार्ड होते, भुसावळहून गाडी घेऊन जात. तो स्वेटर मी विणायला घेतला, पाठ, पोट आणि एक बाही झाली, तेवढ्यात प्रमिलाच्या बाळंतपणासाठी धुळ्याला जावे लागले. इकडे थंडी पडली. पानबाईने मला न विचारता दुसरी बाही विणून दिली. परत आले तेव्हा यजमान ओसरीत बसले होते. डावा हात पुढे करून म्हणाले, "हाई बाही बरी शे. वारा लागत नही." संसारात त्यांनी माझ्या कुठल्याही गोष्टीला 'बरी' म्हटल्याचे मला आठवत नाही. भाजी आवडली तर मुकाट्याने दुसऱ्यांदा घेत, तेवढेच कौतुक. ते गेल्यावर मी ती डावी बाही उसवली. लोकर डालडाच्या डब्यात आहे. एका बाहीचा स्वेटर आणि डबा, दोन्ही प्रमिलाला. ती बाही कोणाकडून विणून घेईल ते मला ठाऊक आहे, म्हणून त्याबद्दल काही लिहीत नाही.

कलम ४. भांडीकुंडी प्रमिलाला. मांडे भाजायच्या खापराबद्दल पुढे लिहीन. आधी एक गोष्ट कागदावर यायला हवी. प्रमिला लहान असताना भुलाबाईच्या दिवसांत गल्लीतल्या पोरी घरोघरी गाणी म्हणायच्या. मग झाकलेला डबा वाजवून आतला खाऊ ओळखायचा. कोणालाच ओळखता आला नाही, तर त्या घरच्या बाईचा मान. माझा डबा वाजायच्या आधीच माझीच पोरगी ओरडायची, "शंकरपाळे!" पानबाईकडे मात्र कोणाला कधी ओळखता आले नाही. मी म्हणे, मारवाडातले पदार्थ, पोरींना कुठून माहीत असणार? पुढे कळले की प्रमिला दुपारभर तिच्याच चुलीपाशी बसून तो खाऊ करायला मदत करायची, आणि संध्याकाळी तोंडाला कुलूप लावून उभी राहायची. माझे गुपित तिच्या पोटात राहत नव्हते, पानबाईचे राहत होते. मला पानबाईचा हेवा वाटतो. तेव्हा वाटायचा, आता जास्त वाटतो. आजही प्रमिला धुळ्याहून आली की पिशवी माझ्या ओसरीत टाकते आणि परसातल्या दाराने आधी तिकडे जाते.

हे सगळे पानबाईला वाचून दाखवले. तिच्या सुया थांबल्या. मला वाटले आता भांडेल. भांडली असती तर बरे झाले असते. ती म्हणाली, "अक्का, घर दिलं, भांडी दिली. पण पोरगी आखाजीच्या सणाला माहेरी येईल तेव्हा कुलूप उघडून कोणाच्या तोंडाकडे बघेल?"

वडील गेलेले, आई गेलेली, मग त्या चार भिंतींना माहेर कोण म्हणेल? मी दौतीचे झाकण लावून टाकले. पानबाईने चहा करून आणला, माझ्याच चुलीवर, मला न विचारता.

कलम ५. मांड्यांचे खापर पानबाईला द्यावे. प्रमिला दिवाळीला आणि आखाजीला येईल तेव्हा पानबाईने आमच्या चुलीवर पुरणाचे मांडे करून तिला वाढावेत. हातावर मांडा मोठा करायला तिला मीच शिकवले आहे, हे प्रमिलाला दर वेळी सांगावे. पुरणात जायफळ घालावे, वेलची घालू नये, वेलची तिच्या घरची रीत आहे. पहिला मांडा माझा नेहमी फाटायचा, आणि तो फाटका मांडा प्रमिला चुलीपाशीच उभी राहून खायची. पानबाईचा मांडा फाटत नाही. तिने पहिला मांडा फाडून द्यावा.

कलम १ मधील कडीबाबतचे शेवटचे वाक्य रद्द समजावे. कडी काढून टाकावी.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने लिहिले आहे. राजी आहे, खुशीचे सांगता येत नाही.

सही: कौतिकबाई पुंडलिक देवरे

साक्षीदार:
१. नासीर शेख, वाचनालय, जळगाव. (सही)
२. ~~पानबाई मदनलाल~~ हे नाव मी स्वतः खोडले आहे. तिला आता मिळकतीतले मिळते, त्यामुळे तिची साक्ष चालणार नाही. तिच्याऐवजी शेवंताबाई, राहणार समोरच्या घरात. (डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम जळगाव, कोजागरीनंतरचा गुरुवार, दिनांक ३० ऑक्टोबर १९६९.