मी ओरडले आणि निघाले नाही

पांढुर्णा, मंगळवार, १८ नोव्हेंबर

रविवारी इथे लिहिलं की मॅचमध्ये आमच्या बचावफळीतल्या वैशालीने माझी हाक ऐकलीच नाही. ते खोटं आहे. "माझा!" असं मी ओरडले, म्हणून तर बॉल मारायला उचललेला पाय तिने खाली ठेवला. आणि मी, गोलकीपर, गोल सोडून पुढे निघालेच नाही. का? भ्याले. गोल झाला. कोच मॅडमनी विचारलं तेव्हा मी वैशालीचं नाव घेतलं. आज क्लबने तिला काढल्याचा मेसेज आला.

बोरगावच्या बगीच्यात संत्री फेकून मला झेलायला शिकवणाऱ्या दादाला सगळं सांगितलं. तो हसला.

"चूप राह ना बाई. तिची नोकरी गेली, तुही त वाचली! खरं बोलशीन त घरी बसशीन."

"ओरडलं की निघायचं, हे मले कोणी शिकवलं? तूच ना?"

"तवा तू लहान होती. आता पगार घेऊन राहिली."

त्याचं तोंड पाहवेना. आरशात माझंही. तिने खाली ठेवलेला तो पाय डोळ्यांसमोरून हलत नाही. ती थांबली ती माझ्या भरवशावर.

माझी जागा जाईल. जाऊ दे. उद्याच्या गाडीने नागपूर, आणि परवा, गुरुवारी वीस तारखेला, सरावाआधी सगळ्या टीमसमोर मॅडमना सांगणार.