डचेसची शिंक

सोहो, लंडन
मंगळवार

तीर्थस्वरूप सेप्टिमसमामा यांस,

वेरिटीचा नमस्कार. समुद्रावरच्या वाऱ्यात तुमचं नाक कसं आहे? हे रिवाज म्हणून विचारत नाहीये. या पत्रात तुमच्या नाकाचा संबंध पदोपदी येणार आहे, तेव्हा आधी त्याची खुशाली कळलेली बरी. मी ठणठणीत आहे. मला कामावरून काढलंय, पण तब्येत उत्तम.

उन्हाळ्यात तुम्ही आमच्या कार्टून-ऑपेरासाठी बसून वाजवायला आला होतात. (बसून हे लांबलचक फुंकवाद्य उभ्यानंही वाजवता येतं, हे मी इथं घसा कोरडा करून सांगते, कुणी ऐकत नाही.) आमच्या धंद्यात संगीत आधी, चित्रं मागाहून. ध्वनिमुद्रण झालं की ते ऐकत ऐकत, ठेक्याला माप लावत आम्ही एकेक चित्र काढत बसतो. तर जिथं सगळा वाद्यवृंद थांबतो, पाद्री गुडघे टेकून डचेसला मागणी घालतो आणि ती 'हो' म्हणते की नाही म्हणून अख्खं गाव श्वास रोखून उभं असतं, नेमक्या त्या शांततेत तुम्ही शिंकलात. साधंसुधं नव्हे मामा, बंदरावर तोफ उडावी तसं.

हे आमच्या लक्षात आलं तोवर तुमची वाद्यवृंदाची मंडळी स्कॉटलंडच्या दौऱ्यावर निघून गेली होती. आमचे दिग्दर्शक प्रिनसाहेब (माणूस वाईट नाही, म्हणजे आहे, पण मुद्दाम नाही) यांनी तेवढी फीत कापून पाहिली, पुसून पाहिली. पण तिथं असं भोक पडायचं, की यंत्रच बिघडलं म्हणावं. शेवटी कंटाळून म्हणाले, "असू दे. तू डचेसला दगडासारखी बसव. कुणाच्या ध्यानातसुद्धा येणार नाही."

मी म्हटलं, "साहेब, शिंक ऐकू आली आणि पडद्यावर कुणी शिंकलंच नाही, तर सगळं थिएटर मागं वळून एकमेकांना रुमाल देत बसेल."

"वेरिटी, ती डचेस आहे. डचेस शिंकत नसते."

"मग मला तिचं एवढं मोठं नाक कशाला काढायला लावलंत?"

यावर ते चहा प्यायला गेले आणि मी कामाला लागले. नुसती शिंक काढली नाही मी. गाण्याच्या पहिल्या ओळीपासून तिच्या नाकात गुदगुल्या सुरू केल्या. बाई प्रेमगीत गातेय आणि नाकाशी लढतेय. वरच्या सुराला तिचे डोळे मिटतात, पाण्यानं भरतात, पाद्री बिचारा समजतो की हे सगळं आपल्यासाठीच! आणि मग तुमची तोफ. मुकुट उडून पाद्र्याच्या डोक्यावर, केसांचा टोप कारंज्यात, आणि टक्कल पडलेली डचेस, अगदी लाजून, "हो" म्हणते. आयुष्यात काढलेलं याहून चांगलं काही माझ्याजवळ नाही. हे मी नम्रपणे लिहीत नाहीये.

पहिला खेळ शुद्ध ऑपेरा रक्षक मंडळासाठी होता. त्यांच्या अध्यक्षा मिसेस ब्रॅसिंग्टन यांनी मान डोलावली तरच आमचा चित्रपट शाळाशाळांतून दाखवणार होते, म्हणून प्रिनसाहेब त्यांच्यापुढं बिस्किटांची बशी घेऊन वाकले ते वाकलेच. बाईंच्या मांडीवर स्वरलिपीचं जाडजूड पुस्तक, पोथीसारखं उघडलेलं. शिंक झाली आणि त्या उभ्या राहिल्या. दिवे लागले.

"ही शिंक कोणत्या पानावर आहे?"

प्रिनसाहेब पुटपुटले, "बाई, ते आपलं... चुकून..."

मग मला राहवेना. उठले आणि म्हटलं, "कोणत्याच पानावर नाही, बाई. ती माझ्या मामांच्या नाकात आहे. सेप्टिमस ट्रेगिअर, बसूनवादक." (होय, पूर्ण नाव घेतलं. पुन्हा घेईन.) "जन्मभर रंगमंचापुढच्या त्या वादकांच्या खड्ड्यात बसून ते दुसऱ्यांच्या गाण्याखाली घुमत राहिले. एकदाच काय तो त्यांचा स्वतःचा आवाज नोंदला गेलाय, आणि तो मी दगडाखाली पुरणार नाही."

प्रिनसाहेबांचा चेहरा आंबट झाला. "बाईंची माफी माग, नाहीतर चालू लाग."

मी पेन्सिली गोळा केल्या आणि चालू लागले. दारापाशी पोचते तो मंडळाचे एक थकलेले गायक टोपीत तोंड खुपसून हसताना दिसले. "अहो, तेवढंच पुन्हा लावा की हो!" बाईंनी डोळे वटारले, तर बिचाऱ्यांना उचकी लागली.

पुढचं ऐका. नवी चित्रं काढायला दुसरं कुणी मिळालं नाही, म्हणून चित्रपट आहे तसाच लागला. शाळांनी नाही घेतला, पण मुलं आईबापांना ओढत थिएटरात नेतायत आणि फुटपाथवर डचेससारखी शिंकत बाहेर पडतायत. परवा प्रिनसाहेबांचा निरोप आला: परत ये, फक्त मिसेस ब्रॅसिंग्टनना दोन ओळी लिही, की ती चूक होती. मी दोनच ओळी लिहिल्या. पहिली: चूक नव्हती. दुसरी: पुढच्या वेळी पाद्रीही शिंकेल. तेव्हा परतीचा रस्ता बंद झाला आणि मला त्याचं तिळभरही वाईट वाटत नाही. तुम्हीही मान खाली घालू नका. कुणी विचारलं तर ताठ सांगा, होय, मीच तो.

आपली भाची,
वेरिटी

ता. क. : खोली सोडावी लागतेय. शुक्रवारी तुमच्याकडे येते. माझं चित्रं काढायचं टेबल तुमच्या दारातून आत यायचं नाही, तेवढी पुढची खिडकी चौकटीसकट काढून ठेवा.

आणखी एक : वर मामींना नमस्कार लिहिला नाही, तो विसरून नव्हे. पत्र तुम्ही एकट्यानं वाचावं म्हणून. प्रिनसाहेबांना मी भीत नाही, ब्रॅसिंग्टनबाईंना तर मुळीच नाही. खिडकीचं मात्र मामींना तुम्हीच सांगा. आणि मी कायमची येतेय हे सांगू नका, शनिवार-रविवारपुरती म्हणा.