जाळीला रंग देण्याआधी

कोल्हार,
रविवार, सकाळ

प्रिय पुंजाराम,

परवा फोन केला तेव्हा मी जे सांगत होतो त्यातलं तुला काही ऐकू आलं नाही. तू नुसतं हो-हो करत होतास आणि शेवटी ऊस कधी जाणार म्हणून विचारलंस. ऊस जाऊन तीन आठवडे झाले. कानाचं यंत्र पोराने कपाटात ठेवायला आणलेलं नाही, हे भागिरथी वहिनींचं म्हणणं मला पटतं. तेव्हा म्हटलं, पत्रच लिहावं. केडगावात पोस्टमन अजून घरापर्यंत येतो असं तूच सांगितलं होतंस. हे चष्मा लावून सावकाश वाच, एका बैठकीत झालं नाही तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच.

शेडला आणि कुंपणाला रंग द्यायचं काम तू माझ्यावर टाकलंस. ब्रशाने आठ दिवस घालवू नकोस, फवारायचं चांगलं मशीन बघून घे, असं तुझं सांगणं. जमीन पोराच्या हवाली करायच्या आधी सगळं नीट झालं पाहिजे, आणि रंग असा हवा की वीस वर्षं कुंपणाकडे कुणाला बघावं लागू नये. माणूस तू बरोबर निवडलास. शाळा माझी सातवीपर्यंत, त्यापुढचं सगळं मला जळालेल्या मोटारींनी शिकवलं, हे तुला माहीत आहेच. अजूनही गावात कुणाचं काही बंद पडलं की ते आधी माझ्या ओट्यावर येतं. परवा एक बाई इडलीचा कुकर घेऊन आली होती. पण रंग फवारायचं मशीन मी कधी हातात धरलं नव्हतं, म्हणून उगाच शहाणपण न करता चार ठिकाणी विचारायचं ठरवलं.

आधी काम मोजलं. शेड पत्र्याचं, तीन बाजू आणि वरचा उतार, दार लाकडी. पत्रा खालून वीतभर गंजलाय, बाकी ठणठणीत. कुंपण म्हणजे तुझ्या आणि काकासाहेबाच्या मधल्या बांधावरची जाळी, बेचाळीस अँगल. एकोणीस वर्षांपूर्वी ते रोवले तेव्हा दोरीचं एक टोक मीच धरलं होतं. वेल्डरने विचारलं होतं, मधे फाटक ठेवायचं का. तू म्हणालास, “फाटक कशाला, पलीकडं आपलं कोन हाय?” सख्ख्या धाकट्या भावाबद्दल ते बोलणं. वेल्डर माझ्याकडे बघायला लागला. मी दोरीकडे बघत राहिलो. अँगल कुठे वाकडे झालेत, जाळी कुठे सुटली, ते सगळं आता मी वहीत लिहून घेतलंय.

मग मशीन. आमच्या गोजरबाईचं म्हणणं, एवढा खटाटोप कशाला, घरात पाठीवरचा बॅटरीचा पंप आहे, दिवाळीला आपण त्याच्यानेच चुना मारतो. चुन्याला तो चालतो हे खरं. पण तेलातला रंग त्याच्या नोझलमध्ये बसला की बसला, आणि थिनरने आतली रबरं फुगतात. मी पंप काढला, झाकण उघडून आत बघितलं आणि पुन्हा खुंटीला लावून टाकला. दुसरंही एक कारण होतं, ते पुढे येईल. त्यानंतर स्टँडाजवळच्या गॅरेजवाल्याची गन बघितली. गाडीला रंग देतो ती. काम सुरेख, पण तिला कॉम्प्रेसर लागतो. तो टेम्पोत घालून तुझ्या शेतापर्यंत न्यायचा आणि आपली लाईट तासाला दोनदा जाणार. तिसरं मशीन बांधकामवाले भाड्याने आणतात ते, रंगाच्या बादलीत नळी सोडून मारायचं. त्याने आख्खी शाळा रंगवून होईल. तुझ्या शेडसाठी ते म्हणजे चहा गाळायला कढई घेण्यासारखं.

म्हणून श्रीरामपूरला गेलो. तिथे रंगाच्या दुकानात दिशा नावाची एक मुलगी आहे, मालकाची सून. तिने मला हातात धरायचं बॅटरीचं मशीन दाखवलं, खाली लिटरभर रंगाचा डबा, वर गन, आतल्या पंख्याच्या हवेने रंग उडतो. त्याच्याबरोबर बुडाला भोक असलेला एक लहान पेला मिळतो. रंग त्यात भरायचा आणि किती वेळात गळतो ते मोजायचं. फार वेळ लागला तर थिनर घालायचं. मला हे आवडलं. मशीनबरोबर मापही देणारा माणूस मला विश्वासाचा वाटतो. पण जाळीचं म्हणताच ती हसली. म्हणाली, आजोबा, जाळीवर फवारलं तर मूठभर रंग तारेला लागेल आणि ओंजळभर भोकांतून पलीकडे जाईल. पलीकडे कुणाचं काही आहे का? मी सांगितलं, भावाचा कांदा आहे. कुणाच्या भावाचा ते सांगितलं नाही. तिचा सल्ला असा की पत्र्याला मशीन वापरा, जाळीला लांब केसांचा रोलर घ्या, आणि जाळी फवारायचीच असेल तर पलीकडून कुणाला तरी ताडपत्री धरून उभं करा.

पैसे देऊन झाल्यावर तिने धुवायचं कसं ते समजावायला घेतलं. काम झालं की डबा, नळी, नोझल सगळं सुटं करून थिनरने तीन वेळा धुवायचं. मी आपलं म्हटलं, एकदा आत घालून हलवून ओतलं तर भागत नाही का. ती म्हणाली, “विसळलं म्हणजे धुतलं न्हाई, आजोबा. बाहेरून चकाचक दिसतं, पण नळीत राहिलेलं असतं. पुढच्या वेळी जे भराल त्याच्यात ते उतरतं.” तिचं बोलणं तेवढंच. ते मी वहीत शब्दाला शब्द लिहून घेतलं. तिला वाटलं, म्हातारा धुवायला विसरेल म्हणून लिहितोय.

आता मागचं सांगतो. तू जाणतोस ते सगळं, मी फक्त ओळीने मांडतो. टोमॅटोचं ते वर्ष. तू नगरच्या डेपोत नोकरीला, शनिवारी घरी येणार, शेत काकासाहेबाच्या हाती. एकरभर टोमॅटो तारेवर चढलेला, फुलाने भरलेला. सोमवारी काकासाहेबाने करप्याचं औषध मारलं. गुरुवारपर्यंत शेंडे पिळले, पानं दोऱ्यासारखी झाली, फूल गळून गेलं. शनिवारी तू आलास तेव्हा बांधावर निम्मं गाव होतं. टोमॅटोवर तणनाशक गेलंय हे कुणीही ओळखलं असतं. शेडातल्या फळीवर तणनाशकाची बाटली औषधाच्या बाटलीला लागूनच असायची. काकासाहेबाला अक्षरओळख बेताची, आणि तेव्हा तो अधूनमधून घ्यायचा. त्याने तुझ्या पायावर हात ठेवून सांगितलं की हिरव्या झाकणाची बाटली घेतली होती, औषधाचीच होती. तू म्हणालास, शुद्धीत होतास का. तिथून वाटणी झाली, मग जाळी. तुमच्या आईच्या दहाव्याला प्रवरेच्या घाटावर तुम्ही दोघे दोन टोकांना बसला होतात आणि एकाचा तांब्या दुसऱ्याकडे मी नेत होतो.

त्या सोमवारच्या आधी एक रविवार होता. माझ्या उसात रुंद पानाचं तण माजलं होतं आणि माझ्या पंपाचा दांडा तुटला होता. तू दुपारच्या गाडीने नगरला गेला होतास, काकासाहेब बाजारात होता. शेडाला कुलूप नसायचंच. मी तुझा पंप खुंटीवरून घेतला, त्यातून टू-फोर-डी हे तणनाशक मारलं, पाटाच्या पाण्यात दोनदा विसळला आणि अंधार पडायच्या आत होता तिथे लावून टाकला. सकाळी काकासाहेबाने त्याच पंपात औषध भरलं. विचारून नेला असता तरी तू दिला असतास, म्हणून विचारायचं राहिलं आणि नेल्याचं सांगायचंही राहिलं. शनिवारी बांधावर मी तुझ्या शेजारीच उभा होतो. शेडाच्या दारातून तो पंप मला दिसत होता.

मी तेव्हा का बोललो नाही, याचं उत्तर मी पुष्कळ वेळा जुळवून ठेवलं होतं. पंप मी धुतला होता. दोनदा धुतला होता. आणि काकासाहेब पीत होताच की. एवढ्यावर माझी एकोणीस वर्षं निघाली, पुंजाराम. झोप लागत होती, जेवण जात होतं, तुझ्याकडे येऊन मी दिवाळीचा फराळ खात होतो. श्रीरामपूरच्या त्या मुलीने बोलता बोलता माझं ते उत्तर काढून घेतलं. तिला त्याचा पत्ताही नाही.

परत आलो आणि दोन दिवसांत शेड रंगवलं. मशीन गुणी आहे. पत्रा खरवडून आधी लाल प्रायमर, मग करडा रंग, दोन हात. दार मात्र ब्रशाने केलं. तिसऱ्या दिवशी कुंपणाशी गेलो. रोलर आणलेला होता, तरी दोन अँगलमधल्या पहिल्या गाळ्याला मशीनच चालवून बघावं असं मनात आलं. आता वाटतं, ते मुद्दामच मनात आलं असावं. मशीन सुरू केलं आणि वारा तिकडचा. तांबडा धुरळा सगळा पलीकडे निघाला. काकासाहेब कांद्यात पाणी धरत होता. त्याने बघितलं, शिवी दिली नाही, ओरडला नाही. फावडं ठेवलं, झोपडीतून ताडपत्री आणली आणि जाळीच्या पलीकडून दोन हातांनी ताणून उभा राहिला. मला म्हणाला, मार. तुझं कुंपण, पुंजाराम, आणि ते रंगवायला तो ताडपत्री धरून उभा. एक गाळा झाला. दुसऱ्याला मला बटण दाबवेना. मशीन बंद केलं आणि त्याला सगळं सांगितलं, वर तुला लिहिलंय तसंच, त्याच क्रमाने. ताडपत्री मधे होती. त्याचं तोंड मला दिसत नव्हतं, फक्त वरच्या काठावर त्याची बोटं दिसत होती.

 काकासाहेबाने ताडपत्री खाली घेतली आणि तो म्हणाला, “एकोनीस वरसं मला वाटत आलं, माझाच हात चुकला आसंल. झाकन हिरवं हुतं का न्हाई, ते बी आता धड आठवना झालं हुतं.” त्याने ताडपत्रीची चौघडी केली, कांद्याला रंग लागलाय का ते वाकून बघितलं आणि पाण्याकडे गेला. वाफा भरत आला होता. त्या दिवसापासून तो मला दिसतो, पण बोललेला नाही. बोलेल की नाही ते मला माहीत नाही. दारू त्याने त्याच वर्षी सोडली होती हे तुला कुणी सांगितलं नसेल. मी सांगू शकलो असतो.

परवा फोनवर मी तुला हेच सांगत होतो. तू हो-हो म्हणालास आणि उसाचं विचारलंस. म्हणून हे पत्र. शेडाचं काम पूर्ण झालंय. मशीन तीन वेळा थिनरने धुऊन खोक्यात ठेवलंय. कुंपणाचा एक गाळा रंगवलाय, एक्केचाळीस गाळ्यांतले चाळीस तसेच गंजके आहेत आणि माझ्याकडून त्यांना आता रंग लागणार नाही, निदान तू येईपर्यंत तरी. वेल्डरला विचारून ठेवलंय. मधे फाटक बसवायला अर्धा दिवस पुरतो, पण जाळी कापायची असेल तर रंगाच्या आधी कापलेली बरी, असं तो म्हणतो. कापायची की नाही ते तुम्ही दोघांनी ठरवायचं, त्यात बोलायला मला तोंड नाही. तुला मला जे बोलायचं असेल ते समोर बोल, मी ओट्यावरच असेन. फक्त येताना कानाचं यंत्र लावून ये. मला तुझी माफी मागायची आहे, आणि ती ओरडून मागता येत नाही.

अजून म्हणू देशील तर तुझाच,
रंभाजी