चांगल्या जंतूंची वाटणी

मी, खाली अंगठा करणारी, जन्मभर कोंबड्या पाळून दोन मुलगे वाढवलेली बाई, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. पाय नाही. त्यात जंतू शिरले आणि आता ते रक्तात गेले, असं इथले डॉक्टर सांगतात. कोणाची जबरदस्ती नाही. मी सांगते, शेजारच्या खाटेवरच्या मास्तरीणबाई लिहितात.

एक. राहतं घर माझ्या कमाईचं. ते थोरल्याला. छप्पर गळतं, तेही त्याचंच.

दोन. कोंबड्यांची शेड, पाण्याची टाकी आणि लगतची खोली धाकट्या सुनेला. माझा धाकटा गेल्यापासून ती अंड्यांवरच लेकीला वाढवते. शेड पाडून गोदाम करायचं थोरल्याच्या मनात आहे. ते मनातच राहावं.

तीन. याचं कारण. कोंबड्यांच्या डॉक्टरीणबाईंनी खाद्यात कालवायला एक पूड दिली होती. म्हणाल्या, "आजी, यात चांगले जंतू आहेत. कोंबडीच्या आतड्यात जागा धरतात, वाइटांना टेकू देत नाहीत." झालंही तसंच. हगवण थांबली, अंड्याचं कवच टणक झालं. थोरल्याने मात्र 'जंतू' एवढंच ऐकलं. लहानपणापासून त्याला अर्धंच ऐकू येतं. मी इथे दाखल होताच त्याने कालवलेलं खाद्य फेकलं आणि कोंबड्यांच्या पाण्यात फरशी पुसायचं जंतुनाशक ओतलं. सून म्हणाली, "भावोजी, आईंना विचारा तरी." हा म्हणाला, "आईला काय विचारायचं, ती जंतू पाळते." आठवडा सरायच्या आत शेड रिकामी झाली. सुनेने एकटीने खड्डा खणला, चुना टाकला, माती लोटली. थोरला तिकडे फिरकला नाही.

मास्तरीणबाई म्हणतात, "जंतू नको, जिवाणू लिहू. शुद्ध दिसतं." मी म्हटलं, "शुद्ध करायलाच गेला होता तो. जंतूच लिहा."

चार. उरलेली अर्धी पुडी माझ्या पेटीत, साड्यांखाली आहे. ती सुनेची. बँकेतली शिल्लकही तिची, नवी पिल्लं घ्यायला. पूड कोमट पाण्यात कालवावी. उकळत्या पाण्याने पाहुण्यांना कोणी न्हाऊ घालत नाही.

पाच. जंतुनाशकाचा राहिलेला डबा थोरल्याला.

सहा. नव्या कोंबड्यांचं पहिलं अंडं मला दिसणार नाही. ते थोरल्याला उकडून द्यावं, आणि जंतूंचं आहे हे सांगूनच द्यावं. खाल्लं, तर त्याला शेडच्या दारापर्यंत येऊ द्यावं. नाही खाल्लं, तर नातीने खावं. आई रागावली नव्हती, असं मात्र त्याला कोणी सांगू नये.

लिहिलेलं वाचून दाखवलं, मी ऐकलं, पुरतं ऐकलं. अंगठ्याआधी नर्सबाईंनी माझा हात जंतुनाशकाने पुसला. मी म्हटलं, "बाई, चांगले असतील तेवढे राहू दे."

डाव्या हाताचा अंगठा: आजी, अंडीवाली
लिहिणार: मास्तरीणबाई
साक्षीदार: नर्सबाई (सही), अंड्यांचा व्यापारी (सही)
ठिकाण: रुग्णालय, बायकांची खोली, खिडकीकडची खाट
दिनांक: सोमवार, सकाळ, डॉक्टर यायच्या आत