कस्तुरा शहाण्यासारखी वागली त्याची हकिगत

कामशेत, बुधवार

आमच्या घरचे सर्वांत मोठ्या आवाजाचे मेहुणे दत्तोबा यांस महिपतीचा मनापासून रामराम. देहूरोडच्या डेपोत साहेब बरा वागतो ना, आणि तुमची पाठ दुखायची थांबली का? इकडे सर्व खुशाल आहे, असं लिहायला आज पुष्कळ दिवसांनी हात धजतो आहे.

तुमची भाची, माझी लेक कस्तुरा विषमज्वराने तीन आठवडे पडून होती. (मुद्दामच कळवलं नाही. तुम्ही धावत येऊन रडला असता आणि तिलाच घाबरवलं असतं.) लोणावळ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की, ताप डोक्यात गेला तर पोर किंचाळेल, पांघरूण भिरकावील, घरच्यांना ओळखणार नाही, तसं झालं की लगेच बोलवा. आता हे सगळं ती धडधाकट असताना रोज करते (पाहुण्यांसमोर तर ती मला ओळखतच नाही), तेव्हा आम्ही समजायचं कशावरून? पण पंधराव्या दिवशी चमत्कार झाला. कडू औषध तिने हूं की चूं न करता घेतलं, वेणी घालू दिली आणि आढ्याकडे बघत निमूट पडून राहिली. मी इतका खूश झालो की आळीत गूळखोबरं वाटलं.

ते घ्यायला शेजारच्या जैतुनबी आल्या. कस्तुराच्या उशाशी बसून त्या सागरगोटे खेळू लागल्या आणि तिच्या डोळ्यांदेखत धडधडीत लबाडी केली. कस्तुरा गप्प. जैतुनबी म्हणाल्या, "भाऊ, ही शानी झाली न्हाई, ही हितं न्हाईच. डाक्टरला बलवा." मला रागच आला. त्यांना खोटं पाडायला मी कस्तुराची बाहुली उचलून खुंटीला उलटी टांगली. पोर म्हणाली, "बरं." दत्तोबा, बाहुली तशीच टांगलेली सोडून मी डॉक्टरांना आणायला पळालो.

डॉक्टर आले, त्यांनी तिला चार प्रश्न विचारले आणि सांगितलं की, बाईंचं खरं आहे. मुकाट भ्रमही असतो, तो जास्त वाईट, कारण घरच्यांना तो चांगुलपणा वाटतो. त्यांनी औषध बदललं, खिडकी उघडली आणि आम्हाला घडोघडी तिला वार, गाव, माणसं सांगत राहायला लावलं. चार दिवस मी घसा बसेपर्यंत सांगितलं. काल म्हणालो, "कस्तुरा, आज सोमवार." ती म्हणाली, "मंगळवार हाय, दादा. कालबी चुकला व्हता." तुमची बहीण रतन चुलीपुढेच रडू लागली. मीही रडलो, लपवत नाही.

आपला,
महिपती

ता. क. : पोरीला ऐकू जात नाही असं समजून त्या चार दिवसांत मी रोज दहा वेळा म्हणालो की, बरी झालीस तर मामाची सायकल तुझी. सगळं ऐकू गेलेलं आहे. तरी रविवारी सायकल घेऊन यावं. (परतीला आगगाडी आहे.)

आणखी ता. क. : आल्याबरोबर देऊ नका. आधी "देत न्हाई" म्हणा. ती ओरडली, तुम्हाला चावली, तर खुशाल देऊन टाका. पण गप्प राहिली, तर खाली उतरूच नका. तसेच सायकल मारत लोणावळ्याला सुटा आणि डॉक्टरांना घेऊन या.