रिकाम्या खुर्चीचं माप

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र येऊन आज नऊ दिवस झाले. उत्तराला नऊ दिवस लावणारा माणूस मी नाही, हे तू जाणतेस. पाकिटाच्या कोपऱ्यात तू एक चाक काढलं होतंस, बारा आऱ्यांचं. (मोजले. मोजणारच.) आईने पत्र मोठ्याने वाचलं, मग मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी आयता प्लॅन पाठवला आणि तो अर्ध्या पानात संपला! "बारा तारखेला दहा वाजता पार्कच्या गेटवर भेटू. जे जमेल ते करू, जे जमणार नाही त्याला लांबून टाटा करू. भूक लागली की खाऊ. मापाची टेप आणू नका." याला प्लॅन म्हणतात? उतार किती, संडासाचं दार आत उघडतं की बाहेर, कशाचा पत्ता नाही. आई हसून हसून खोकायला लागली. मग तिने पान उलटलं आणि मागची ओळ वाचली: "बाबा, या वेळीही पुढे ढकललंत तर मी परत विचारणार नाही. रागावून नाही, दमले म्हणून." ती ओळ वाचून आईने पत्राची घडी घातली आणि चहा ठेवायला गेली.

मी त्याच दुपारी एक कार्ड घेतलं आणि त्यावर लिहिलं, "बारा तारखेला येतो." बस, तेवढंच. ते कार्ड अजून माझ्या टेबलावर आहे. ते पेटीत का पडलं नाही हे सांगायचं आहे, पण मला ओळीने सांगू दे. मधूनच सुरू केलं की बोल्टचा आटा वाकडा बसतो आणि मग कितीही पिळलं तरी घट्ट होत नाही.

माझी शाळा सातवीत सुटली. लेथ मी दुसऱ्याच्या खांद्यावरून बघून शिकलो, वेल्डिंग स्वतःचे हात भाजून. आज शिकलेले साहेब नकाशे घेऊन माझ्या वर्कशॉपात येतात आणि मी त्यांना लाल पेन्सिलीने चुका दाखवतो. हे मी तुला हजारदा ऐकवलंय, पण याच गुर्मीतून तुझी खुर्ची झाली. तू सहा वर्षांची होतीस. दुकानातली खुर्ची मी उलटीपालटी करून बघितली आणि दुकानदाराला म्हणालो, "हिचा तोल मागे आहे, मुलगी उताणी पडेल." तो म्हणाला, "मग तुम्हीच करा." केली. पाइप मी वाकवले, गादी आईने शिवली. पहिल्या संध्याकाळी तू अंगणात जागच्या जागी एवढ्या गिरक्या घेतल्यास की आई ओरडली, "अगं भिंगरी, थांब!" तेच नाव चिकटलं. तू वाढलीस तशी दर दोन वर्षांनी मी खुर्ची वाढवली. घराची दारं फोडून छत्तीस इंचाची केली, तेव्हा गवंडी म्हणाला, "हत्ती पाळताय का?" त्याला काय कळणार. तुला माझ्या घरात कुठे म्हणजे कुठे घासायला नको होतं.

आणि मग पार्क. तू नऊ वर्षांची झालीस आणि तुला त्या गोल फिरणाऱ्या होड्यांमध्ये बसायचं होतं, पाण्यातल्या. वर्गातल्या सगळ्या मुली जाऊन आल्या होत्या. मी म्हटलं, आधी बघून येतो. तीन रविवार गेलो, एकटा, तुझी खुर्ची घेऊन. रिकामी खुर्ची ढकलत फिरणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघतात, ते तेव्हा कळलं. एका बाईने तर हळूच विचारलं, "हरवलंय का हो कुणी?" मी चौकटीच्या वहीत सगळं उतरवलं. प्रत्येक उतार, प्रत्येक उंबरा, सावली कुठे किती वाजता येते तेसुद्धा. होड्यांच्या रांगेचे लोखंडी कठडे सर्वांत अरुंद, साडेतेवीस इंच. तुझी खुर्ची बावीस. दोन्ही बाजूंना सहा-सहा सूत, म्हणजे पाऊण-पाऊण इंच मोकळं. मी खुर्ची मागून धरून त्या कठड्यांतून सात वेळा नेली आणि सात वेळा परत आणली. कुठेही टेकली नाही. वहीत लिहिलं, "ठीक."

तो दिवस तुला आठवतो तसाच मला आठवतो का, याची आता मला खात्री नाही. माझ्या आठवणीत ऊन आहे, तुझा पांढरा फ्रॉक आहे आणि कठड्यांच्या तोंडाशी तू मान वळवून म्हणालीस ते आहे: "बाबा, तुम्ही ढकलू नका. तुम्ही पुढे जाऊन थांबा आणि मला येताना बघा." हे प्लॅनमध्ये नव्हतं. तरी मी गेलो पुढे. तू निघालीस आणि चार हातांवर थांबलीस. मग थोडी पुढे आलीस, पुन्हा थांबलीस. मागे माणसं खोळंबली. मी ओरडलो, "अगं ये ना, भरपूर जागा आहे, मी मोजलंय!" तू आणखी थोडी आलीस. मग दोन्ही हात फ्रॉकच्या घोळात घातलेस आणि म्हणालीस, "बाबा, घरी जाऊ या." मी तुला मागून धरून बाहेर काढलं. खुर्ची सरळ निघाली, कुठेही न टेकता.

रात्री आईने फ्रॉक दाखवला. घोळावर रक्ताचे डाग होते. तुझी बोटांची पेरं सोलली होती, दोन्ही हातांची. ती म्हणाली, "कठड्याला घासलंय." मी काय म्हणालो, तेही सांगतो, कारण ते तुला माहीत नसेल. मी म्हणालो, "दुसरीकडे कुठेतरी घासलं असेल. माझं माप चुकत नाही." आणि वहीत लिहिलं, "मुलगी घाबरली. पुढच्या वर्षी पुन्हा." त्यानंतर कितीतरी वर्षं मी पाहुण्यारावळ्यांना सांगत आलो की आमची भिंगरी तशी धीट, पण होड्यांना घाबरते. तू तिथेच बसलेली असायचीस. एकदाही नाही म्हणाली नाहीस.

पुढच्या वर्षी पार्कवाल्यांनी फरशी बदलली, म्हणून मी ढकललं. त्याच्या पुढच्या वर्षी संडासाचं दार. मग तुझी खुर्ची मोठी झाली आणि सगळी मापं पुन्हा घ्यावी लागली. दर हिवाळ्यात मी जाऊन यायचो, वह्या भरायचो. अशा पाच वह्या आहेत. तू चौदाव्या वर्षी विचारणं बंद केलंस आणि मला वाटलं, पोरीचं पार्कचं वय गेलं. खरं सांगू? हलकंच वाटलं.

तू नोकरीला निघालीस त्या दिवशी अंगणात तुझी नवी खुर्ची आली, कंपनीची. इतकी हलकी, की आईने एका हाताने उचलली. मी तिला पत्र्याचा डबा म्हणालो. तू रडशील असं वाटलं होतं. तू माझ्यासमोर आलीस, अगदी गुडघ्याला गुडघा लावून, आणि म्हणालीस, "बाबा, आयुष्यभर मला तुमचा आवाज मागून आला. तुम्ही बोलताना दिसता कसे, तेच मला ठाऊक नाही." मी त्यावर काय बोललो? काही नाही. तीन वर्षं काही बोललो नाही. तुझा फोन आला की आई बोलते आणि मी शेजारी बसून, रेडिओ बारीक करून ऐकतो. तुझ्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे, तुझ्या हाताखाली दोन माणसं आहेत, तुला चष्म्याचा नवा नंबर लागलाय, हे सगळं मला माहीत आहे.

गेल्या सोमवारी मी तुझ्या जुन्या खुर्चीत बसलो. शेवटची, सव्वीस इंची. वर्कशॉपात कोपऱ्यात झाकून ठेवली होती, तेलपाणी मी करतच होतो. मागचं दार अठ्ठावीस इंच, म्हणजे दोन्ही बाजूंना इंच-इंच मोकळं. ते दार मी रुंद केलं नव्हतं, तिकडून तू कधी जात नव्हतीस. हात चाकांच्या कड्यांवर ठेवले आणि ऐटीत निघालो. चौकटीत पोचलो आणि दोन्ही मुठी एकदम लाकडावर घासल्या, भिंगरी. कातडं निघालं. मी तसाच अडकून बसलो. पुढे जायचं तर हात काढायला हवेत आणि हात काढले तर खुर्ची जाणार कशी? एवढी साधी गोष्ट. खुर्ची चालवणाऱ्या माणसाला मुठी असतात आणि मुठी कड्यांच्या बाहेर दीड दीड इंच येतात. पाच वह्यांमध्ये एक मूठ नाही. सात वेळा मी रिकामी खुर्ची नेली होती, मागून ढकलत. तू ती तुझ्या हातांनी चालवशील, हे मी धरलंच नव्हतं. पहिली वही काढली आणि "मुलगी घाबरली" ही ओळ लाल पेन्सिलीने खोडली. त्याच पेन्सिलीने, जिने मी साहेबांच्या चुका काढतो.

आता, मी त्या खुर्चीत का बसलो ते. दोन महिन्यांपूर्वी लेथवरचा लोखंडाचा कीस माझ्या डाव्या बुटात शिरला. रक्तातल्या साखरेमुळे त्या पायाला काही कळत नाही, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. सुताच्या आठव्या भागाने घसरलेलं काम मला बोटाने कळतं, आणि पायात रुतलेलं लोखंड मला पाच दिवस कळलं नाही. ते कार्ड लिहिल्यावर डॉक्टरांनी ठरवलं, येत्या गुरुवारी माझा पाय गुडघ्याखाली काढायचा. तुला कळवू नकोस, अशी शपथ मी आईला घातली होती. ती आज मीच मोडतो आहे, तिच्यावर रागावू नकोस. डॉक्टर म्हणतात, पुढे नकली पाय बसेल, पण आधी काही महिने खुर्ची. पाय मीच बनवीन म्हणालो, तर हसले, म्हणाले, बघू. म्हणून बारा तारखेला मला येता येत नाही. तू पुन्हा विचारणार नाहीस म्हणालीस, ते बरोबरच आहे. तेव्हा या वेळी मी विचारतो: नेशील का मला? ते कार्ड सोबत ठेवलंय. "बारा" खोडलं आहे आणि जागा कोरी सोडली आहे. "येतो" तसंच आहे. तारीख तू घाल. टेप मी आणणार नाही, तुझी तू आण, आणि माझं माप घेशील तेव्हा मला खुर्चीत बसवून, मुठी कड्यांवर ठेवून घे. होड्यांच्या रांगेत मला ढकलू नकोस. तू पुढे जाऊन थांब आणि मला येताना बघ.

तुझाच,
बाबा